तारा काढायच्या की वगळायच्या? (जागेवर बसून काढलेली चित्रं आणि नागपूर)

अर्धवट_रेघ · ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, एक चूक कबूल करायची आहे आणि सल्लाही हवा आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी मी वही, पेन आणि घडीचा स्टूल घेऊन नागपुरात कुठेतरी जाऊन बसतो आणि समोर दिसेल ते काढतो. चित्रकलेचं शिक्षण शून्य. शाळेत एलिमेंटरी दिली होती, सी ग्रेड मिळाली, इंटरमीजिएटच्या वाटेला गेलो नाही. घरी फोटो समोर ठेवून काढायला बसलो तर अर्ध्या तासात कंटाळा येतो. जागेवर बसलं की हात चालतो. महाल, इतवारी, गांधीसागर, कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशनची १९२५ सालची दगडी इमारत. वह्या अकरा झाल्या.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतला एक रविवार. महालात एका गल्लीच्या तोंडाशी दुमजली घर होतं. खाली दगडी जोतं, वर सागवानी खांब, पुढे आलेला सज्जा, त्यावर कवेलू (कौलं). सज्जाच्या चार खांबांपैकी एक मूळचा नव्हता, कधीतरी बाभळीचं ओबडधोबड लाकूड ठोकलेलं. तो मी हौसेनं काढला. सव्वासातला बसलो, साडेनऊला उठलो. ऊन सज्जाखाली तिरपं शिरत होतं, ते सरकायच्या आत रंग लावून घेतला. चित्र जमलं. अकरा वह्यांत इतकं जमलेलं दुसरं नसेल.

जमलं म्हणजे काय, तर मी त्यातून बरंच काही गाळलं होतं. विजेचा खांब. तारांचं जंजाळ. खिडकीतला कूलर आणि त्याचा गंजका लोखंडी स्टँड. आणि दाराशेजारी टांगलेली टिनाची एक पाटी, सायकल दुरुस्तीची. अक्षरं वेडीवाकडी, एक कोपरा दुमडलेला. त्या सुंदर सागवानी चौकटीशेजारी ती डोळ्यांत खुपत होती.

पुढे रस्ता रुंद झाला आणि घर गेलं. मागच्या महिन्यात आम्ही चार मित्रांनी मिळून छोटंसं प्रदर्शन भरवलं, त्यात हे चित्र होतं. पंचविशीतला एक मुलगा त्याच्यासमोरून हलेना. म्हणाला, "काका, हे आमचं घर आहे. पण आबाजींची पाटी कुठे आहे?"

आबाजी म्हणजे त्याचे आजोबा. सायकली दुरुस्त करायचे, पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. घर पाडताना ती भंगारात गेली. तिचा फोटो कुणाकडेच नाही. घरातल्या लग्नाचे फोटो आहेत, मुंजीचे आहेत. पाटीचा फोटो कोण काढतो? मुलगा म्हणाला, "तुम्ही तर समोर बसून काढलं ना?"

मी म्हणालो, "राहून गेली बहुतेक."

राहून गेली नव्हती. बघूनसवरून गाळली होती.

तर प्रश्न असा, की तुम्ही लोक तारा, खांब, कूलर, बोर्ड हे सगळं काढता का? आणि दुसरा, मला जास्त छळणारा प्रश्न: त्या मुलाला चित्र भेट द्यायचं ठरवलंय. देण्याआधी त्यात पाटी काढू का? जागा मला आठवते. अक्षरं नाही आठवत.

———

पोट्टा_इतवारीचा · ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

भाऊ, काहून येवढं मनाला लावून घेऊन राहिले? पाटी होती ना तिथं? मग काढून टाका. दोन मिनटाचं काम. पोट्टा बी खुश, तुमी बी खुश.

आन चित्र टाका ना धाग्यावर. चित्राशिवाय चित्राचा धागा म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

———

शटरबहाद्दर · ३ ऑगस्ट, रात्री १०:३२

रेघभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण हे कधीतरी होणारच होतं. स्केच म्हणजे तुमच्या आवडीनिवडीची यादी. कॅमेऱ्याला आवड नसते. बटण दाबलं की पाटी येते, कूलर येतो, तार येते, तारेवरचा कावळाही येतो. त्या पोराला फोटो हवा होता आणि तुमच्याकडे चित्र होतं. हौस म्हणून जरूर काढा, माझी ना नाही. 'दस्तऐवज' हा शब्द मात्र जपून वापरा.

———

संत्रासाल · ४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

शटरदादा, कॅमेऱ्याला आवड नसते, पण कॅमेरा धरणाऱ्याला असते ना? मागच्या हिवाळ्यात फुटाळा तलावावर तो पानठेला फ्रेममध्ये येऊ नये म्हणून चिखलात कोण उतरलं होतं? मी तिथेच होते. :)

आता मुद्द्याचं. माझ्या फोनमध्ये चितार ओळीचे चारेकशे फोटो असतील. (नागपूरबाहेरच्यांसाठी: महालात मूर्तिकारांची गल्ली आहे, गणपतीच्या आधी दीड-दोन महिने तिथे पाय ठेवायला जागा नसते.) त्या चारशे फोटोंत मला कधी कळलं नव्हतं की आत तणस असतं. मागच्या वर्षी एका ओट्यावर जागा मिळाली आणि मी तीन तास एकच मूर्ती काढत बसले. लाकडी चौकट, तिच्यावर तणसाचे मुठे सुतळीनं आवळून पोट, मांड्या, सोंडेचा बाक. मग माती. माती वाळताना मांडीच्या वळणावर तडा गेला, तर कारागिरानं पातळ मातीत बुडवलेली कापडाची पट्टी त्यावर बसवली आणि अंगठ्यानं कडा दाबून सपाट केली. मला तो तडा काढायचा होता, म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. पट्टी बसली आणि माझ्या चित्रातला तडा खोटा ठरला! तसाच ठेवला, शेजारी लिहिलं: ९:१० ला तडा, ९:२५ ला पट्टी.

एवढं लांबण लावलं कारण फोटोत एक क्षण असतो, चित्रात तीन तास असतात. पाटी चुकली हे खरंच. पण फोटो काढला असता तर तो बाभळीचा खांब रेघदादांच्या लक्षात तरी आला असता का?

जाता जाता: जगभरात 'अर्बन स्केचर्स' नावाची चळवळ आहे. सिएटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल काम्पानारियो यांनी २००७ साली ऑनलाइन गट काढला, तिथून ती वाढली. त्यांचा जाहीरनामा छोटासा आहे. जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढायचं, आणि जे पाहिलं त्याच्याशी इमान राखायचं. साधन कुठलंही चालेल, बॉलपेनसुद्धा. तारा काढायच्या की नाही याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. पण 'इमान' शब्दात तारा येतात असं मला वाटतं. मी काढते. सगळ्या नाही. चार असतील तर चार, चाळीस असतील तर जंजाळ वाटेल इतक्या.

———

वाचनमात्र · ४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

पहिल्यांदाच लिहितोय. वाखूसा (वाचनखूण साठवली). साहित्य काय लागतं सुरुवातीला? आणि कुणी हटकत नाही का?

———

अर्धवट_रेघ · ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

वाचनमात्र, सुरुवातीला साधा बॉलपेन आणि शंभर पानी वही बस झाली. पुढे हौस वाढली की न विरघळणाऱ्या शाईचं पेन घ्या, म्हणजे वरून पाण्याचे रंग मारता येतात. बाटलीतली काळी ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरू नका, तिच्यात लाख असते, निब कायमची बसते. माझी दोन पेनं अशीच गेली. बॉलपेनची शाई उजेडात फिकी पडते, म्हणून टिकवायचं चित्र असेल तर पिगमेंटवाली शाई बरी.

हटकतात की. एकदा एका सरकारी इमारतीसमोर बसलो होतो, फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे. चौकीदार आला.
"डिलीट करा."
"अहो, वही आहे."
"मग खोडा."
"पेन आहे."
बिचारा विचारात पडला. शेवटी म्हणाला, "मग हे झाड तेवढं मोठं काढा, दार दिसलं नाही पाहिजे." काढलं. आज ते चित्र पाहून कुणालाही वाटेल की तिथे वडाचं झाड होतं. होता नुसता निंब, तोही वाळका.

गमतीचं सोडा. लष्कराच्या जागा, पहारा असलेली फाटकं यांच्यापुढे उगाच हिरोगिरी नको. सीताबर्डीचा किल्ला एरवी बंदच असतो, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीसारख्या दिवशी लोकांना सोडतात. गेलात तर आधी विचारा आणि मगच वही काढा.

———

खस_ताटी · ४ ऑगस्ट, दुपारी ३:४८

रेघभाऊ, त्या झाडावर कुणी बोलणार नाही का इथे? तार गाळली तर अपराध आणि वड घुसडला तर गंमत?

———

अर्धवट_रेघ · ४ ऑगस्ट, दुपारी ४:०२

ताई, सापडलो. :(

———

ओव्हरसियर_काका · ४ ऑगस्ट, रात्री ८:३०

रेघसाहेब, मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत नकाशे काढले. कलाकार नाही. आमच्याकडे ड्रॉइंगला सुंदर म्हणायची पद्धत नव्हती, पूर्ण किंवा अपूर्ण एवढंच. त्या हिशेबानं तुमचं चित्र अपूर्ण आहे, खोटं नाही. वडाचं मात्र खोटं आहे.

तुमच्या पिढीला सांगावंसं वाटतं, म्हणून थोडं धंद्यातलं सांगतो. पेन्सिल हातात धरून हात ताठ करायचा, कोपर वाकवायचं नाही, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्यानं दाराची उंची पेन्सिलीवर धरायची. ते झालं तुमचं एक. मग सज्जा किती दारं वर आहे, घर किती दारं रुंद आहे, ते त्याच मापानं मोजायचं. कोपर वाकलं की माप बदललं, नव्वद टक्के चित्रं तिथेच बिघडतात. हे झालं प्रमाण. पण दस्तऐवज म्हणता, तर एक तरी माप खरं पाहिजे. उठायच्या आधी घरवाल्याला विचारून दाराला टेप लावा आणि आकडा पानावर लिहा. टेप नसेल तर पावलं मोजा. माझं पाऊल अडीच फुटांचं आहे, हे मला १९७८ पासून माहीत आहे, वय झालं तसं थोडं आखडलंय. भिंतीचा गिलावा कुठे पडला असेल तर विटांचे दहा थर मोजून तेवढ्याची उंची घ्या, मग वरची सगळी भिंत नुसते थर मोजून काढता येते. जुन्या विटा आताच्यापेक्षा पातळ असतात, त्यावरून भिंत नवी की जुनी हेही कळतं.

पानावर तारीख, वेळ, तुम्ही कुठे बसलात ते, आणि उत्तरेचा बाण. 'महाल, रविवार' एवढंच लिहिलं तर पन्नास वर्षांनी कुणी काय समजायचं?

अजून एक सवय सांगतो, तिची लोकांना फार खोड असते. इमारत दोन्ही बाजूंनी सारखी असली की डावी बाजू बघून काढतात आणि उजवी तिच्यावरून उतरवतात. आपल्या हायकोर्टाची अशी चित्रं मी ढिगानं पाहिलीत. हेन्री मेडनं इमारत सारखी बांधली असेल, पण १९४० पासून उजवीकडचा पाऊस आणि डावीकडचा पाऊस एकसारखा पडलेला नाही. डाग बघा. काळसरपणा कुठे आहे ते बघा. बघून काढायचं तर दोन्ही बाजू बघूनच काढा.

आता तुमची पाटी. मूळ चित्राला हात लावू नका. ते त्या सकाळी समोर बसून काढलंय, हीच त्याची किंमत आहे. त्यावर आज आठवणीनं रेघ मारलीत तर उद्या कुणालाच कळणार नाही की कुठली रेघ पाहून आली आणि कुठली आठवून. नकाशात जे आहे पण दिसत नाही, किंवा जे कुणाच्या सांगण्यावरून कळलंय, ते तुटक रेघेनं दाखवतात. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा, पाटी त्यावर तुटक रेघेनं काढा, खाली लिहा कुणी सांगितलं, कधी सांगितलं. वर उचलला की मूळ चित्र, खाली टाकला की पाटीसकट.

———

संत्रासाल · ४ ऑगस्ट, रात्री ८:५५

काका, _/\_. दहा थर आणि तुटक रेघ दोन्ही उचलले.

———

पुण्याहून_सप्रेम · ५ ऑगस्ट, सकाळी ११:००

नागपूरकरांच्या धाग्यात घुसतोय, सांभाळून घ्या. हे जागेवर बसून काढणं परदेशातून आलं असा सूर वाटला म्हणून लिहितो. आमच्या पुण्यात गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. १७९० च्या दशकात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी त्यानं वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. कॅमेरा यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तेव्हा चित्र हाच पुरावा होता.

आणि पुरावा कसा जातो त्याचीही एक गोष्ट. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिलला पाठवलं. त्यानं वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. एवढं ऐकून तरी रेघभाऊंनी अकरा वह्या स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवाव्यात. एक प्रत पुण्यात ठेवायला हरकत नाही.

———

पोट्टा_इतवारीचा · ५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

आलं पुणं मधात. आमच्या वह्या आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. :D

पर गेंड्याचं मस्त सांगितलं राजेहो.

माझं म्हणणं आयका. तुमी तारा गाळून राहिले, ठीक हाय. गड्डीगोदामले या. खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. काय काय गाळता? सगळं गाळलं त कागद कोराच राहीन.

———

शटरबहाद्दर · ५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

पोट्ट्या, गड्डीगोदाम खरंच अवघड आहे, मी वाइड लेन्स लावूनही चारही थर एकत्र नीट आणू शकलो नाही. तुमच्यापैकी कुणी काढलंय का? विरोधासाठी विचारत नाहीये, बघायचं आहे.

पानठेल्याचं मान्य. चिखलाचे बूट आठवले.

———

खस_ताटी · ५ ऑगस्ट, दुपारी ४:४०

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल, आता तिथे मॉल आहे, तुम्हाला माहीतच आहे. मिलची चित्रं मी बरीच पाहिली. प्रत्येकात चिमणी. धूर काढणाऱ्या चिमणीचं चित्र कुणालाही आवडतं. बाबा सांगायचे ती मिल वेगळी होती. पाळी सुटायच्या वेळचा सायकल स्टँड, पिवळा बिल्ला, नळावर हात धुवायला लागलेली रांग, केसांत अडकलेला कापूस. त्यांचा डबा ठेवायची एक फळी होती, तिच्यावर प्रत्येकानं आपापली खूण कोरलेली. बाबांची खूण त्रिशूळ होती. तो त्रिशूळ नेमका कसा होता हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून रेघभाऊ, तुमच्यावर रागावले नाही मी. पण यापुढे पाटी दिसली की आधी पाटी काढा. सागवानी खांब काढणारे पुष्कळ आहेत.

———

ओव्हरसियर_काका · ५ ऑगस्ट, रात्री ९:०५

+१.

———

अनुस्वार · ६ ऑगस्ट, सकाळी ८:१२

छोट्या गाडीचं सांगतो. इतवारी–नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. त्याआधी चार-पाच वेळा मुद्दाम बसलो होतो, डब्यात बसून काढायला. इंजिन आज कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयात बघता येतं, पण आतली माणसं कुठे बघणार? बाकाखाली पाय बांधलेल्या कोंबड्या, बांबूची टोपली, दारात उभं राहून बिडी पिणारा एक माणूस जो प्रत्येक स्टेशनवर उतरून पुन्हा चढायचा. गाडी इतकी हलायची की एकही रेघ सरळ नाही. पण ती वाकडी रेघ हीच खरी रेघ आहे, तिच्यात गाडीचा वेग आहे.

अवांतर: शून्य मैलाचा दगड काढला असेल तर दाखवा. आणि कृपया तो भारताचा मध्य आहे की नाही यावर इथे भांडू नका, त्या वादाला आपल्याकडे चार धागे आहेत.

———

पोट्टा_इतवारीचा · ६ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मध्यच हाय.

———

अनुस्वार · ६ ऑगस्ट, सकाळी ८:३१

झालं सुरू.

———

संत्रासाल · ६ ऑगस्ट, रात्री १०:१५

शून्य मैलाच्या दगडाजवळचे घोड्यांचे पुतळे मी तीनदा काढले, तीनही वेळा चौथ्या घोड्यापर्यंत पोचता पोचता संयम संपला.

वाचनमात्र, तुमच्या 'कुणी हटकत नाही का'ला माझंही एक उत्तर. बाईमाणूस एकटी रस्त्यावर बसून काही करत असेल तर हटकत नाहीत, गोळा होतात. "मॅडम, सर्वे आहे का?" "घर पाडणार का?" रुंदीकरणाच्या दिवसांत महालात वही उघडली की लोक घाबरायचे. एका आजींनी दार लावून घेतलं होतं. मी पाठीमागे भिंत असेल अशी जागा बघते, नाहीतर खांद्यावरून कुणीतरी श्वास टाकत राहतं. सुरुवातीलाच शेजारच्या दुकानदाराला वही दाखवून सांगते काय करतेय. मग तोच बाकीच्यांना हाकलतो, आणि वर सांगतो की आधी इथे काय होतं. अर्धा मजकूर असा मिळतो. चित्राच्या कडेला लिहून ठेवते, बोलणाऱ्याच्या शब्दांत.

ऋतूंचं कुणी बोललंच नाही. मे महिन्यात सकाळी आठनंतर पाण्याचे रंग विसरा. आकाशाचा वॉश डावीकडून सुरू केला की उजवीकडे पोचेस्तोवर डावीकडे वाळून कडा पडलेली असते, आणि पॅलेटमधला रंग खरवडून काढावा लागतो. पांढऱ्या कागदावरची तिरीप डोळ्यांना मारते, म्हणून सावली आधी, विषय नंतर. आता ऑगस्टात बरोबर उलटं. परवा चितार ओळीत वीस मिनिटं झाली तरी कागद ओला. फुंकून फुंकून गाल दुखले. समोर मूर्ती वाळवायला मोठे पंखे लावले होते, कारागिरानंच सुचवलं, "ताई, वही इथे धरा." गणपतीच्या शेजारी माझी वही वाळत होती.

त्याच दिवशी डोळ्यांचं काम बघितलं. डोळे शेवटी काढतात. त्यानं ब्रश उचलला आणि गल्लीतली बडबड आपोआप थांबली. मीही पेन खाली ठेवलं. त्या पानावर त्यामुळे काही नाही, नुसती वेळ लिहिली आहे.

———

शटरबहाद्दर · ७ ऑगस्ट, सकाळी ७:४०

हे शेवटचं वाचून गप्प बसलो.

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत येणार का कुणी वही घेऊन? मी दरवर्षी काळी आणि पिवळी मारबत, या दोन मोठ्या पुतळ्यांचे फोटो काढतो. दोघी भेटतात तो क्षण सगळ्या पेपरांत येतो. बडग्यांच्या (सोबतच्या पुतळ्यांच्या) गळ्यातल्या पाट्या मात्र गर्दीत नीट मिळत नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत सगळं जळून जातं. तुम्ही लोक पाट्यांचे नुसते शब्द उतरवलेत तरी चालेल. मी फोटो काढतो, तुम्ही पाटी काढा. युती.

———

पोट्टा_इतवारीचा · ७ ऑगस्ट, सकाळी ७:५५

मी हाओ. पर त्या गर्दीत वही नाई, हात तुटतीन. तळहातावर लिहीन. घेऊन जा गे मारबत!

———

अर्धवट_रेघ · १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

उशिरा उत्तर देतोय, कारण काही करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काकांचा सल्ला मानला. चित्र फ्रेममधून काढलं, वर ट्रेसिंग पेपर डकवला, एका बाजूने चिकटपट्टी, वहीचं पान उलटल्यासारखा उलटतो. काल त्या मुलाच्या घरी गेलो. आता ते बेशाकडे फ्लॅटमध्ये राहतात, पाचवा मजला. आधी त्याला खरं सांगितलं, की पाटी राहून गेली नव्हती, मी गाळली होती. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं काका. बाभळीचा खांब काढलाय तुम्ही, तुम्हाला पाटी दिसली नसेल कशी?"

त्याची आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. चित्र मांडीवर घेऊन बसल्या. आधी कवेलू मोजले. खरंच मोजले, बोट ठेवून, आणि म्हणाल्या एक ओळ कमी आहे. असेल. मग मी ट्रेसिंग खाली टाकला आणि पेन्सिल घेऊन विचारत गेलो.

पाटी किती उंच होती? "कडीच्या वर. माझा हात पुरायचा नाही." आजींना उभं केलं, भिंतीवर हात वर करायला लावला, टेप लावली: ५ फूट ११ इंच. तेव्हा त्या आतापेक्षा उंच असणार, म्हणून काकांच्या पद्धतीनं शेजारी तेही लिहिलं. रंग? निळा, सायकलच्या मडगार्डचा उरलेला. अक्षरं पांढरी. कोपरा का दुमडला होता? पोळ्याच्या दिवशी शेजाऱ्यांचा बैल धडकला होता. हे मला जन्मात कळलं नसतं.

मी तुटक रेघेनं चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'येथे पंक्चर काढून मिळेल'. आजींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पंक्चर नव्हतं. पंचर. यांनी तसंच लिहिलं होतं, मास्तर येऊन हसून गेले होते, तरी यांनी बदललं नाही." खोडलं आणि पंचर लिहिलं. खाली लिहिलं: आजींच्या सांगण्यावरून, १७ ऑगस्ट.

मला वाटलं झालं. निघायला उठलो तर आजी चित्राकडे बघतच होत्या.

"अन् कूलर काहून नाही काढला?"

———

ओव्हरसियर_काका · १८ ऑगस्ट, रात्री ९:३४

आता?

———

अर्धवट_रेघ · १८ ऑगस्ट, रात्री ९:४१

आता पुढच्या रविवारी परत बोलावलंय. स्टँड कुणी वेल्डिंग करून दिला होता, ती गोष्ट मोठी आहे म्हणे.

———

संत्रासाल · १८ ऑगस्ट, रात्री ९:५०

दादा, पुढच्या रविवारी चितार ओळी ठरली होती आपली. सकाळी सातला.

———

अर्धवट_रेघ · १८ ऑगस्ट, रात्री ९:५२

सकाळी चितार ओळी. दुपारी कूलर. ट्रेसिंग पेपर मी आणतो, चिकटपट्टी तुम्ही आणा, माझी संपली.